धरणात पाणी वाढलं, मग मासे का घटले?

प्रश्न : आमचं गाव पवनी तालुक्यात, गोसीखुर्द धरणाच्या जवळ. पूर्वी उन्हाळ्यात वैनगंगा पायी ओलांडता यायची. आता धरणाच्या वरच्या अंगाला बाराही महिने पाणी दिसतं. पाणी वाढलं की मासे, पक्षी, जनावरं सगळंच वाढायला हवं ना? पण गावातले ढिवर, म्हणजे मासेमार, उलटंच सांगतात. खरं कुणाचं?
– एक वाचक, जि. भंडारा

उत्तर : ढिवरांचं. तुमच्या हिशेबात पाणी आलं, पण पाण्याचं वाहणं राहून गेलं. नदीतल्या जिवाला पाणी किती आहे यापेक्षा ते कधी चढतं, कधी उतरतं आणि येताना काय घेऊन येतं, याची गरज जास्त असते. धरण नेमकं हेच बदलतं.

रोहू, कतला, मृगळ हे आपल्या बाजारातले नेहमीचे मासे घ्या. पावसाळ्यात नदीला गढूळ लोंढा आला, पाणी काठ सोडून उथळ जागेवर पसरलं, की ही मंडळी प्रवाहाच्या उलट चढतात आणि तिथे अंडी सोडतात. अंडी प्रवाहाबरोबर खाली येता येता फुटतात आणि पिल्लं काठच्या उथळ, गवताळ पाण्यात वाढतात. चढायला वाट, योग्य वेळी लोंढा, वाढायला उथळ काठ, असं सगळं जुळून यावं लागतं. धरणाच्या साचलेल्या पाण्यात हे मासे जगतात, वजनालाही चांगले भरतात, पण तिथे सहसा वीण होत नाही. म्हणून जलाशयात दरवर्षी बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, विकत आणून सोडावी लागते. नदी जे फुकट देत होती त्याला आता पैसे पडतात. शिवाय नदीत जाळं टाकायला कुणाची परवानगी लागत नव्हती. जलाशयाचा ठेका असतो, संस्था असते, सभासदत्व असतं. ढिवरांच्या तक्रारीत हा भागही आहे आणि तो माशांच्या शास्त्रात सापडत नाही.

झिंग्याची वाट तर याहून लांबची. गोदावरीच्या खोऱ्यातला नदीतला मोठा झिंगा राहतो गोड्या पाण्यात, पण त्याच्या पिल्लांना अगदी सुरुवातीचे दिवस मचूळ पाणी लागतं. म्हणजे पुराबरोबर खाली उतरायचं, वैनगंगेतून प्राणहितेत, तिथून गोदावरीत, थेट बंगालच्या उपसागराच्या तोंडाशी. आणि पिल्लं बोटाच्या पेराएवढी झाली की त्यांनी काठाकाठाने, जिथे धार कमी तिथून, पुन्हा वर चढायचं. राजमहेंद्रीजवळच्या धवळेश्वरमला आर्थर कॉटनने बांधलेला बंधारा 1852 साली पूर्ण झाला. त्याच्या पायथ्याशी पावसाळ्यानंतर झिंग्याच्या पिल्लांची दाटी होते, हे मत्स्यशास्त्रज्ञांनी फार पूर्वीच नोंदवून ठेवलंय. त्यानंतर याच वाटेवर सिरोंच्याजवळ मेडीगड्डाचा बंधारा झाला, चामोर्शी तालुक्यात चिचडोहचा झाला आणि वर आपलं गोसीखुर्द. एक दार ओलांडावं तर पुढे दुसरं. तेव्हा भंडाऱ्यात झिंगा कमी झाला तर त्याचं सगळं पाप गोसीखुर्दच्या माथी मारता येणार नाही. पण या साखळीचं वरच्या टोकाचं कुलूप तेच आहे.

आता धरणाबद्दल थोडं. गोसीखुर्दचं भूमिपूजन 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते झालं. तेव्हाचा अंदाजी खर्च 372 कोटी होता. पुढे तो अठरा हजार कोटींच्या वर गेला. 33 दरवाजे, सुमारे अकरा किलोमीटर लांबीची भिंत, अडीच लाख हेक्टर सिंचनाचं उद्दिष्ट. कालवे किती वर्षं रखडले हे पवनीकरांना मी सांगायला नको.

पाण्याच्या चढउताराचं म्हणाल, तर नदी पावसाचं ऐकते आणि धरणाखालची नदी दरवाजांचं. ऑगस्ट 2020 च्या शेवटी शिवनीतल्या संजय सरोवराचं आणि पेंचवरच्या तोतलाडोहचं पाणी एकदम खाली आलं, गोसीखुर्दचे सगळे दरवाजे उघडावे लागले आणि भंडारा शहरापासून खाली ब्रह्मपुरी-गडचिरोलीपर्यंत पूर आला. माणसांचं नुकसान आपण पंचनाम्यात मोजलं. नदीतल्या जिवांना असे धक्के लहान प्रमाणात एरवीही बसत असतात.

याचं जवळचं उदाहरण म्हणजे नदी सुरय हा पक्षी. पिवळी चोच, काळी टोपी, दुभंगलेली शेपटी असा हा पक्षी उन्हाळ्यात नदीच्या मधोमध उघड्या पडलेल्या रेतीच्या बेटावर अंडी घालतो. घरटं म्हणजे रेतीत छातीने केलेला नुसता खळगा. अंडी रेतीच्याच रंगाची, वर तपकिरी ठिपके. हातभर अंतरावर उभं राहूनही चटकन दिसत नाहीत. त्याच्या शेजारी करवानक आणि लहान चिखल्या हीच पद्धत पाळतात. धरणाच्या वर ही बेटं कायमची बुडाली. खाली बेटं आहेत, पण ऐन एप्रिल-मेमध्ये पाणी सोडलं तर अंडी वाहून जातात. पाणी फारच आटवलं तर बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री चालत जाऊन पोचतात. शिवाय वरून येणारी रेती भिंतीशी अडते आणि जी उरते ती घाटाघाटांवरून ट्रकमध्ये जाते. नदीच्या रेतीतल्या डांगरवाड्या, म्हणजे खरबूज-टरबुजाच्या वाड्याही याच कारणाने गेल्या. सुरयाचं आणि डांगरं लावणाऱ्या ढिवराचं दुखणं एकच.

वरच्या अंगाचं पाणी नुसतं साचलेलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून अंभोऱ्याला वैनगंगेत येतं. पाच नद्यांचा संगम म्हणून ज्या अंभोऱ्याचं माहात्म्य, तिथेच हे पाणी धरणाच्या फुगवट्यात थांबतं. वाहत्या नदीत घाणीला हवा मिळते, ती थोडीफार जिरते. थांबलेल्या पाण्यात तिचं खत होतं. त्या खतावर ईकॉर्निया, म्हणजे जलपर्णी, माजते. तिच्याखाली ऊन पोचत नाही, ती कुजायला लागली की पाण्यातला प्राणवायू संपतो, डोंगा पुढे सरकत नाही, जाळं गुंततं. अशा पाण्यात तोंड वर काढून हवेतला प्राणवायू घेऊ शकणारे मरळ आणि मागूर तग धरतात, साचलेल्या पाण्यातही वीण घालणारा तिलापिया वाढतो. नाजूक जाती आधी जातात. भंडारा शहराच्या पिण्याच्या पाण्याची ओरडही याच फुगवट्यातून सुरू झाली. माझ्या मते गोसीखुर्दच्या वरच्या भागातलं निम्मं दुखणं नागपुरात बरं होण्यासारखं आहे.

फायदा कुणाचा झाला, हेही सांगायला हवं. उघड्या पाण्यावर हिवाळ्यात बदकांचे थवे उतरतात, पाणकावळे चैनीत असतात. 2012-13 च्या सुमारास घोषित झालेल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातल्या जनावरांना उन्हाळ्यात पाणी जवळ मिळतं. पण याच अभयारण्यातला प्रसिद्ध वाघ ‘जय’ 2013 मध्ये नागझिऱ्याहून इथे आला होता, वाटेत वैनगंगा ओलांडून. नदी वाघाला अडवत नाही, तो उत्तम पोहतो. अडवतो तो कालवा. गोसीखुर्दचा उजवा कालवा जवळजवळ शंभर किलोमीटर लांब आहे आणि चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबाकडे जाणाऱ्या जंगलपट्ट्यातून जातो. दोन्ही बाजूंना सिमेंटचा तिरपा, शेवाळलेला काठ. चितळ, रानडुक्कर पाणी प्यायला उतरलं की पाय घसरतो आणि मग नखं, खूर काहीच टेकत नाही. यावर उपाय माहीत आहेत आणि धरणाच्या खर्चापुढे ते किरकोळ आहेत : ठरावीक अंतरावर खडबडीत उतार आणि जनावरांसाठी कालव्यावरून मातीने झाकलेले रुंद पूल.

धरण पाडलं तर नदी सुधारते का, असंही कुणी विचारेल. सुधारते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एल्वा नदीवरची दोन जुनी धरणं 2011 ते 2014 दरम्यान पाडली, तेव्हा शंभर वर्षं खालीच अडलेला सॅमन मासा पुन्हा वर गेला आणि साचलेल्या गाळाने समुद्रकाठी नवा किनारा तयार केला. पण ती धरणं जुनी आणि विजेपुरती होती. गोसीखुर्दवर भंडारा-चंद्रपूरचा धान अवलंबून आहे. ते पाडा असं मी म्हणणार नाही, ढिवरही म्हणत नाहीत. अंडी घालायच्या दिवसांत पाणी सोडण्याचं वेळापत्रक नदीच्या जुन्या चालीशी जुळवणं मात्र शक्य आहे. आणि देशी मासे जपायला आपल्याकडचे जुने मालगुजारी तलाव आहेतच. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या संस्थांबरोबर काही तलावांतलं बेशरम हे माजलेलं झुडूप उपटून देशी पाणवनस्पती लावल्या आणि तिथे देशी मासे परतले.

तुमच्या गावाजवळून कालवा जात असेल तर एक लक्षात ठेवा : त्यात जनावर अडकलेलं दिसलं तर गर्दी करू नका, दोर टाकून ओढू नका, वन विभागाच्या 1926 या टोल फ्री क्रमांकावर लगेच फोन करा.