आधी पडायला शिकावे
(द्वितीय वर्ष कला)

आमच्या गावच्या जत्रेत डोंबाऱ्याचा खेळ येई. आठ-नऊ वर्षांचा पोर धावत येई, हातांवर उलटा होई आणि मागच्या मागे उड्या घेत रिंगणाच्या टोकाला जाऊन उभा राही. दुसऱ्या दिवशी आम्ही पोरे ओढ्याच्या वाळूत तेच करू पाहत असू. त्या पोराची तालीम कित्येक वर्षांची आहे, हे आमच्या ध्यानात कधी आले नाही.

अकरावीत असताना मला ते कळले. मागे उडी घेताना मध्येच बिचकलो, पाठीमागे ताठ हात टेकला आणि मनगटाचे हाड मोडले. सोयाबीनची काढणी चालू होती. माझ्या वाट्याची मजुरी बुडाली. वडील एवढेच म्हणाले, "तुला शिकायला ठेवलाय, हातपाय मोडायला नव्हं."

महाविद्यालयाच्या जिमखान्यात जिम्नॅस्टिक्सच्या गाद्या पाहिल्या आणि पाय पुन्हा शिवशिवू लागले. पण आमच्या सरांनी पहिले पंधरा दिवस एकही उडी घेऊ दिली नाही, फक्त पडायला शिकवले. तेव्हा राग आला. आज त्यामागचे कारण समजते, ते मित्रांना सांगावे म्हणून हा लेख.

टंबलिंग म्हणजे न थांबता एकामागून एक घेतलेल्या उड्या. धाव, मग राउंडऑफ, मग बॅक हँडस्प्रिंग, अशी नेहमीची साखळी असते. राउंडऑफमध्ये हात टेकताना अंग अर्धे वळते, दोन्ही पाय एकदम जमिनीवर येतात आणि पुढे धावणारा वेग पाठीच्या दिशेने कामी येतो. म्हणूनच पहिल्या उडीत राहिलेली चूक सावकाराच्या व्याजासारखी वाढत जाते आणि पुढच्या उडीत फेडावी लागते.

यासाठी पायरी चुकवू नये. प्रथम मनगटे, खांदे, मान आणि घोटे मोकळे करावेत. मग साधी कोलांटउडी: हनुवटी छातीला, पाठ गोल, भार डोक्यावर नव्हे तर खांद्यांवर. पाठीवर पडताना कोपर ताठ करून हात मागे टेकू नये. अंग गोल करून लोळावे. उडीवरून उतरताना गुडघे किंचित वाकलेले असावेत, म्हणजे धक्का मांड्या झेलतात.

यानंतर भिंतीच्या आधाराने हातांवर उभे राहणे. येथे कोपर मात्र सरळ आणि घट्ट हवेत, कारण ते दुमडले तर डोके जमिनीवर आपटते. तोल गेला तर बाजूला वळून पाय खाली आणावेत. मग आखलेल्या रेषेवर हात, हात, पाय, पाय असे चाक. ते सरळ जमले की राउंडऑफ. बॅक हँडस्प्रिंग प्रथम जाणकाराच्या आधारानेच घ्यावी. त्याचा एक हात कमरेखाली आणि दुसरा मांडीमागे असतो. उडी वर नव्हे, मागे घ्यायची, आणि घेतल्यावर बिचकायचे नाही. मन तयार नसेल तर धाव घेण्याआधीच थांबावे. गाद्यांमध्ये फट नसावी. थकल्यावर 'एक शेवटची' उडी घेऊ नये.

हे नियम केवळ नवशिक्यांसाठी नाहीत. सोव्हिएत संघाची एलेना मुखिना १९७८ साली जगज्जेती झाली. १९७९ मध्ये तिचा पाय मोडला आणि तो पुरता बरा होण्याआधीच तिला सरावाला उतरवण्यात आले. जुलै १९८० मध्ये, मॉस्को ऑलिंपिक तोंडावर असताना, 'थॉमस साल्टो' या उडीत पुरेशी उंची मिळाली नाही आणि मानेला इजा झाली. विसाव्या वर्षी मानेखालचे शरीर लुळे पडले. २००६ मध्ये ती वारली. ती उडी पुढे स्त्रियांच्या स्पर्धांतून वगळण्यात आली. जगज्जेतीलाही घाई सोसली नाही, मग आपली काय कथा?

गेल्या हिवाळ्यात माझी साखळी प्रथमच पुरी झाली. घरी अजून सांगितलेले नाही. सुट्टीत गावी गेलो की ओढ्यावर पोरे भोवती जमतात, "दादा, उडी दाखव" म्हणतात. मी त्यांना हनुवटी छातीला लावून वाळूत लोळायला लावतो. ती कंटाळतात. मी मात्र ऐकत नाही.