निळ्या नक्षीचा प्रवास

लोणच्याची बरणी असो की चहाची कपबशी, मराठी माणूस तिला ‘चिनी मातीची’ असे म्हणतो. अशी भांडी प्रथम कोणत्या देशात घडली, हे त्या नावातच सांगितलेले आहे. परंतु पांढऱ्याशुभ्र भांड्यावर जी निळी वेलबुट्टी शोभून दिसते, ती कोणत्या देशाची? या प्रश्नाचे उत्तर इतके सोपे नाही. त्यासाठी सुमारे बाराशे वर्षे मागे जावे लागते.

नवव्या शतकात चीनमधील कुंभार पांढरी, कठीण आणि गुळगुळीत भांडी घडवण्यात निष्णात होते. त्यांच्यापाशी उत्तम पांढरी माती होती आणि त्यांच्या भट्ट्या अतिशय प्रखर असत. ही भांडी जहाजांतून इराकमध्ये जाऊन पोहोचली, तेव्हा तेथील धनिक त्यांवर लुब्ध झाले. बसरा येथील कुंभारांपुढे मात्र पेच पडला. तशी माती त्यांच्या देशात नव्हती आणि तशी भट्टीही नव्हती. तेव्हा त्यांनी एक युक्ती योजली. आपल्या पिवळसर मातीच्या वाडग्यांवर त्यांनी कथील मिसळलेली झिलई चढवली. भट्टीतून निघालेला वाडगा दुधासारखा पांढरा दिसू लागला. अशा पांढऱ्या झिलईवर त्यांनी कोबाल्ट नावाच्या खनिजापासून केलेल्या निळ्या रंगाने पानेफुले रेखाटली. अनुकरण करता करता त्यांच्या हातून काही नवेच निर्माण झाले!

हा व्यापार किती मोठा होता, याचा पुरावा समुद्राने जपून ठेवला होता. इ. स. १९९८ मध्ये इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ एका जुन्या जहाजाचे अवशेष सापडले. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नव्हत्या. त्या दोरांनी शिवलेल्या होत्या. आत सुमारे साठ हजार चिनी भांडी होती. त्यांतील एका वाडग्यावर इ. स. ८२६ या वर्षाशी जुळणारी तारीख आढळली. त्या ढिगात निळ्या नक्षीच्या तीन तबकड्याही होत्या. त्या चीनमध्येच घडल्या होत्या. पण त्यांवरील नक्षी पश्चिम आशियातील लोकांच्या आवडीची होती. दोन्ही देशांचे कारागीर असे एकमेकांकडे पाहून शिकत होते.

पुढे चौदाव्या शतकात चीनमधील चिंगदचन या नगरात ही कला भरभराटीस आली. माती तेथील होती. परंतु उत्तम निळा रंग इराणहून येत असे. भांड्यावर लावताना हा रंग काळपट दिसे. भट्टीतील अग्नीतून गेल्यावरच तो निळा होऊन झळके. पश्चिम आशियात मेजवानीच्या वेळी अनेक जण एकाच ताटाभोवती बसून जेवत. म्हणून तिकडे पाठवण्यासाठी चिनी कुंभारांनी भली मोठी तबके घडवली.

दूरदेशी गेलेली ही भांडी तेथील राजांनी प्राणपणाने जतन केली. इराणचा बादशहा शाह अब्बास याने इ. स. १६११ मध्ये आपल्या संग्रहातील हजारांहून अधिक चिनी भांडी अर्दबील येथील पवित्र स्थानास अर्पण केली. ती ठेवण्यासाठी तेथे एक स्वतंत्र दालन सजवण्यात आले. त्याच्या भिंतींत भांड्यांच्या आकाराचे सुंदर कोनाडे होते. इस्तंबूलच्या राजवाड्यातील संग्रहात तर दहा हजारांहून अधिक चिनी भांडी आहेत.

सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी ही भांडी युरोपात नेली. हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या कुंभारांपुढेही मग तोच जुना पेच उभा राहिला. चिनी मातीचे रहस्य त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी काय केले? साध्या मातीवर कथिलाची पांढरी झिलई चढवली आणि तीवर निळी चित्रे काढली. बसऱ्याच्या कुंभारांची युक्ती इराकमधून स्पेन आणि इटली या देशांच्या मार्गे, आठशे वर्षांनी त्यांच्यापर्यंत येऊन पोहोचली होती. खऱ्या चिनी मातीचे रहस्य युरोपास उलगडले ते अठराव्या शतकाच्या आरंभी, जर्मनीत. तेथे माइसन या गावी इ. स. १७१० मध्ये कारखाना सुरू झाला.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही चिनी आणि जपानी कलावस्तू आहेत. सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा यांनी जमवलेल्या अनेक वस्तू त्यांत आहेत. असे एखादे निळ्या नक्षीचे भांडे पाहताना ते केवळ चीनचेच आहे, असे कसे म्हणावे? माती एका देशाची, रंग दुसऱ्या देशाचा. आवड एकाची, हात दुसऱ्याचा. ते घडवणाऱ्या बहुतेक कुंभारांची नावे आज कोणासही ठाऊक नाहीत. त्यांनी एकमेकांस कधी पाहिलेही नसेल. परंतु समुद्रापलीकडील अनोळखी कारागिराचे काम त्यांनी आदराने निरखले, त्यापासून ते शिकले आणि त्यात आपली भर घातली. म्हणूनच ती निळी वेल इतक्या देशांत रुजली आणि फुलली.