आंबा घाट चढण्याआधी

कोल्हापूर

चिरंजीव भाच्यास,

आजोबांची प्रीमियर पद्मिनी तू पुन्हा रस्त्यावर आणलीस, याचा घरात सगळ्यांना मनापासून आनंद झाला. रंग झाला, गाद्या झाल्या, बंपर चकाकले. आता तिला घेऊन रत्नागिरीला जायचा बेत आहे असं कळलं. जाताना उतार आहे; खरी परीक्षा परतीची, साखरप्यावरून आंबा घाट चढतानाची. त्याआधी इंजिनातलं पाणी पूर्ण काढून आतली वाट धुऊन घे, एवढं सांगायला हे पत्र.

ही गाडी 1964 साली कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट 1100 डिलाइट म्हणून सुरू झाली आणि सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. पद्मिनीचं इंजिन ज्यांच्या हाताखालून गेलं आहे असे मेस्त्री आता कमी होत चालले आहेत. म्हणून मालकाने हे काम स्वतः शिकलेलं बरं.

पेट्रोल जळून निघालेल्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भाग पाण्यालाच वाहून न्यावा लागतो. घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर रांगते. इंजिनावर भार पूर्ण, पण रेडिएटरला समोरचा वारा नाही. दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार गर्दीतून दसरा चौकात येते तेव्हाही तेच. अशा संथ चालीत सगळी मदार पंख्यावर आणि आत फिरणाऱ्या पाण्यावर असते.

त्या फिरण्यातच जुन्या गाडीचं दुखणं असतं. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं, की जुन्या तांब्याच्या बंबात बसतो तसा क्षाराचा थर आत बसतो. हा थर लोखंडापेक्षा कितीतरी पट कमी उष्णता पुढे जाऊ देतो. त्यात गंज मिसळतो. ओतकामात गाभ्याची वाळू वापरतात हे उद्यमनगरच्या पोराला सांगायला नको. तिचे चार कण इंजिनाच्या ब्लॉकमध्ये मागे राहिलेले असू शकतात. हा सगळा गाळ पंपापासून लांबच्या, मागच्या सिलिंडरभोवती तळाला साचतो. काट्यावर ताप दिसण्याआधीच तो कोपरा भाजत असतो.

जाणता मेस्त्री इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय रेडिएटरच्या झाकणाला हात लावत नाही. मग रेडिएटरच्या तळाचा कॉक उघडतो, आणि एवढ्यावर न थांबता ब्लॉकच्या बाजूचाही. घाईत काम करणारे इथेच चुकतात. रेडिएटर रिकामा झाला तरी ब्लॉकमधलं पाणी आतच राहतं, आणि गाळही तिथेच असतो. ब्लॉकचा कॉक उघडून थेंबही आला नाही, तर आत पाणी नाही असं समजू नकोस. बारीक तार घालून हळूच हलव. आधी काळपट तपकिरी चिखल येईल, मग गंजाच्या खपल्या, मग धार धरेल. ही धार बादलीत धर आणि तळाला काय बसतं ते बघ; इंजिनाची तब्येत तिथे कळते.

थर्मोस्टॅट काढून, होज सोडवून रेडिएटर खालून वर धू, म्हणजे पाणी नेहमीच्या उलट दिशेने जाईल आणि अडकलेला कचरा सुटेल. नळाचा जोर बेताचा ठेव. नाहीतर रेडिएटरचे जुने डाग दिलेले जोड फुटतात. बाजारातल्या कडक अ‍ॅसिडच्या वाटेला जाऊ नकोस. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा, पण हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे; धुण्याचा सोडाही त्याला खातो. सौम्य सायट्रिक अ‍ॅसिड थोडा वेळ फिरवून, मग स्वच्छ पाण्याने पुन्हा पुन्हा धुणं पुरे. थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात तापवून पाहा. पाणी उकळेपर्यंत तो उघडला नाही, तर नवा घाल.

भरताना बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी आणि जुन्या धाटणीचा हिरवा कूलंट घे. कोल्हापुरात पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असं कुणी म्हणेल. तो गंज रोखतो आणि उकळण्याचा बिंदू वर नेतो. आपलं गाव साडेपाचशे मीटरवर, म्हणजे उघडं पाणी इथे 98 अंशांच्या आसपासच उकळतं. एक भाग कूलंट, दोन भाग पाणी बास. नुसता कूलंट पाण्याएवढी उष्णता वाहून नेत नाही. झाकण मात्र कंपनीने नेमलेल्या दाबाचंच हवं. जास्त दाबाने जुना पितळी रेडिएटर उसवेल.

काढलेलं पाणी गटारात सोडू नकोस. त्यात जुना कूलंट असला तर तो गोडसर विष असतो. कुत्री चाटतात आणि मरतात. गटाराचं पाणी जयंती नाल्यातून पंचगंगेला मिळतं, आणि नदीचे हाल आपण रोज पाहतो. डब्यात भर, झाकण लाव, ऑइलमध्ये मिसळू नकोस, आणि धोकादायक कचरा रीतसर घेणाऱ्याकडे दे.

सगळं झालं की थेट आंबा गाठू नकोस. आधी पन्हाळ्याला जा. वीसेक किलोमीटरच आहे. वाघबीळची चढण चढताना काटा बघत राहा. वर पोचलास की इंजिन थंड होऊ दे, मग झाकण उघड. आतली हवा निघून पातळी उतरलेली असेल, तेवढं भर. होजच्या क्लिपा पुन्हा आवळ, जोडांना बोट लावून ओल तपास. काय दिसलं ते फोनवर कळव. तोवर रत्नागिरीची तारीख ठरवू नकोस.

तुझा,
मामा