कुलूप 'पीं पीं' करतं तेव्हा

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीत एवढं मोठं लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र आपल्या रोजच्या दारातलाच आहे : इलेक्ट्रॉनिक कुलूप.

आमच्या हॉस्टेलच्या खोल्यांना कार्ड आणि कीपॅडवाली कुलपं आहेत. गेल्या जुलैत आमचं कुलूप कार्ड लावलं की लाल दिवा दाखवून तीनदा 'पीं' करायला लागलं. "तुमच्या कुलपाला भूक लागलीय," असं मावशी म्हणायच्या आणि आम्ही हसायचो. सेल बदलायचं काम रोज उद्यावर जायचं. असे दोन आठवडे गेले.

मग एका संध्याकाळी मी लॅबमधून परतले. रूममेट सकाळपासून तापाने फणफणत आत झोपलेली. कार्ड लावलं, दिवा लागला, मोटरने अर्धवट 'खर्र' केलं आणि सगळं गप्प. आतून हँडल फिरवलं की दार उघडतं, पण ती हाकेला ओच देईना. इमर्जन्सीची साधी किल्ली ऑफिसच्या कपाटात, कपाटाची किल्ली क्लार्ककाकांच्या खिशात आणि काका घरी जायच्या एस.टी.त! रेक्टर मॅडम सुतारकाकांना फोन लावत होत्या. तेवढ्यात फायनल इयरच्या एका ताईने आपला मल्टिमीटर उघडला, त्यातला ९ व्होल्टचा चौकोनी सेल काढला आणि कुलपाच्या खालच्या बाजूला असलेल्या दोन धातूच्या टिकल्यांना टेकवून धरला. मी कार्ड लावलं. खट्! दार उघडलं. रूममेटला १०३ ताप होता. डॉक्टरांकडे नेलं, सलाईन लावलं, आठवड्याभरात ती बरी झाली. पण दाराबाहेरची ती वीस मिनिटं मी विसरणार नाही.

असो. त्यानंतर मी कुलपाचं मॅन्युअल मिळवून वाचलं, ताईंना आणि सुतारकाकांना भरपूर प्रश्न विचारले. जे कळलं ते थोडक्यात मांडते.

१) सेल : अशा कुलपात बहुतेक वेळा चार डबल-ए अल्कलाइन सेल असतात, म्हणजे ४ × १.५ = ६ व्होल्ट. सेल जुना झाला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो. दिव्याला करंट थोडाच लागतो, म्हणून दिवा लागतो. मोटर एकदम जास्त करंट मागते, तेव्हा व्होल्टेज कोसळतं. म्हणून 'दिवा लागतोय ना, मग सेल चांगले आहेत' हे गणित चुकीचं आहे. चारही सेल एकदम आणि एकाच प्रकारचे बदलावेत. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे, चार मिळून ४.८ व्होल्टच होतात, त्यामुळे कुलूप लवकर कुरकुरायला लागतं. सेल बदलताना दार उघडंच ठेवा, नाहीतर आमच्यासारखी गत व्हायची!

अल्कलाइन सेल गळला की पांढरी पूड साचते. ती अल्कधर्मी असते, हाताला लावू नये. हातमोजे घालून आधी सेल काढा, मग इअरबडवर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाचे दोन थेंब घेऊन पूड पुसा. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. मेसमधलं लिंबू चालेल, लोणच्यातलं नको!

२) कीपॅड : मावशी, ही तुम्हांलाही विनंती. फिनाइलच्या पाण्याचं ओलं फडकं कुलपावर फिरवू नका, आणि स्प्रे तर थेट मारूच नका. पाणी फटीतून आत सर्किटवर जातं. मऊ कापड ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर करून पुसावे. थिनर आणि अ‍ॅसिटोन नकोत, प्लॅस्टिक खराब होतं.

कीपॅड स्वच्छ ठेवणं हा सुरक्षेचाही भाग आहे. चार आकडी कोड शोधायचा तर १०,००० शक्यता असतात. पण तेलकट बोटांमुळे चारच बटणं मळलेली दिसली, तर उरतात ४ × ३ × २ × १ = फक्त २४! चहा पिता पिता उघडेल. म्हणून सगळी बटणं सारखी पुसा आणि कोड अधूनमधून बदला.

३) कार्ड : या कार्डात सेल नसतो. आत तारेचं बारीक वेटोळं आणि एक चिप असते. रीडरच्या चुंबकीय क्षेत्रातून त्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. फर्स्ट इयरला शिकलेला फॅरेडे इथे कामाला येतो! म्हणून कार्डाला दोरी अडकवायला भोक पाडू नका, वेटोळं तुटेल. पाकिटात अशी दोन कार्डं एकावर एक असली तर रीडर गोंधळतो, आपलं कार्ड बाहेर काढून लावा.

४) दार : खरा गुन्हेगार बऱ्याचदा हाच. पावसाळ्यात लाकूड फुगतं, बिजागरीचे स्क्रू सैल होतात, मग कडी चौकटीच्या पट्टीला घासते. मोटर जोर लावते आणि सेल लवकर संपतात. सुतारकाकांनी शिकवलेली परीक्षा सोपी आहे. दार उघडं ठेवून कुलूप चालवून बघा. कडी सहज आत-बाहेर झाली, पण दार लावल्यावर अडली, तर दोष कुलपात नाही, दारात आहे. आमचंही तेच निघालं! त्यांनी बिजागरी आवळली, पट्टी जरा सरकवली आणि मोटरची खरखर थांबली.

कुलपात खोबरेल तेल घालू नका, धूळ चिकटून राड होते. साध्या कुलपाला पेन्सिलच्या शिशाची पूड चालते, पण ग्राफाइटमधून वीज वाहते, म्हणून सर्किटजवळ ती नको. इमर्जन्सी किल्लीच्या भोकात टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे अगदी थोडा पुरतो. आणि ती किल्ली दोन-तीन महिन्यांतून एकदा फिरवून बघा.

आता आमच्या दाराच्या आतल्या बाजूला सेल बदलल्याची तारीख चिकटवलेली आहे. रेक्टर मॅडमनी किल्ल्यांचा जुडगा आणि ९ व्होल्टचा एक सेल वॉचमनकाकांच्या टेबलात ठेवलाय, रात्री-बेरात्रीसुद्धा मिळेल असा. एकूण खर्च म्हणाल तर कँटीनच्या दोन-चार वडापावांएवढा.

कुलूप बिचारं दोन आठवडे सांगत होतं, आम्हीच ऐकलं नाही. तेव्हा हा लेख वाचून झाला की आधी आपल्या दाराला कार्ड लावून बघा. 'पीं' ऐकू आलं तर उद्यावर ढकलू नका.