नदी वाचवायची तर आधी पाइप शोधा

पावसाळा सरल्यावर मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात दहिसर नदी खडकांवरून नितळ वाहते. उद्यानाबाहेर पडून दौलतनगरपर्यंत येईतो तिचा नाला झालेला असतो. पोईसर, ओशिवरा आणि मिठी या नद्यांचीही हीच गत. नुसता गाळ उपसून नदी सुधारत नाही. सांडपाणी थांबलं आणि पावसाचं पाणी सावकाश आलं, तरच ती सावरते. ही दोन्ही कामं आपल्या सोसायटीपासून सुरू करता येतात.

१. उन्हाळ्यात फेरी मारा. मार्च ते मे या काळात पावसाळी गटारं कोरडी असायला हवीत. तेव्हाही एखाद्या पाइपातून धार लागली असेल, तर त्यात सांडपाणी मिसळतंय असं समजा. करडं, फेसाळ पाणी बहुधा घरांतलं. चोथा असलेलं तबेल्याचं. तेलाचा तवंग गॅरेजचा. काठावरूनच फोटो काढा. तारीख, वेळ आणि जवळची खूण लिहून ठेवा. नाल्यात उतरू नका. मॅनहोलचं झाकण तर मुळीच उघडू नका. आतला वायू जीव घेतो.

२. तक्रार नेमकी करा. ‘नदी घाण झाली आहे’ एवढ्यावर कुणाला काही करता येत नाही. प्रत्येक पाइपाची वेगळी तक्रार पालिकेच्या 1916 या क्रमांकावर नोंदवा. वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. पर्जन्य जलवाहिन्या आणि मलनिस्सारण ही पालिकेची वेगवेगळी खाती आहेत. दोघांनाही अर्ज द्या आणि एकत्र पाहणी मागा. कारखान्याचं पाणी असेल, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा.

३. आपलं घर तपासा. बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनचं पाणी पुष्कळदा गच्चीच्या पावसाळी पाइपात सोडलेलं असतं. साबणाचं ते पाणी थेट नाल्यात जातं. प्लंबर बोलावून ही जोडणी मलवाहिनीकडे वळवून घ्या.

४. पाऊस अडवा. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. तेवढा सगळा आपण अडवू शकत नाही, पण रोजच्या सरींचा भार हलका करू शकतो. 500 चौरस मीटरच्या गच्चीवर 50 मिलिमीटर पाऊस पडला, की 25,000 लिटर पाणी जमतं. पहिल्या सरींचं पाणी सोडून द्या. पुढचं गाळून टाकीत घ्या आणि जादाचं शोषखड्ड्यात. खाडीलगत भूजल वरच असतं, तिथे टाकीच बरी. पेव्हर ब्लॉकच्या फटी सिमेंटने बुजवू नका, झाडांच्या बुंध्याभोवतीही माती मोकळी ठेवा.

५. उरलेला काठ जपा. मातीचा काठ शिल्लक असेल, तिथे पालिकेच्या परवानगीने करंज, जांभूळ, वाळा लावा. पात्रात राडारोडा पडू देऊ नका आणि पात्र अरुंद करणाऱ्या सुशोभीकरणाला वेळीच हरकत घ्या.

६. हिशेब ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात त्याच पाइपांपाशी जा. किती पाइप कोरडे झाले, एवढंच मोजा आणि उरलेल्यांसाठी जुन्या तक्रार क्रमांकांसह वॉर्ड ऑफिसात पुन्हा अर्ज द्या.