जुन्या गाडीला दुसरे इंजिन



बाजारात बैल घ्यायला गेलो, तर आपण काय करतो? आधी त्याचे दात पाहतो. दातांवरून वय कळते. मग त्याला चार पावले चालवून पाहतो. शेवटी बाजाराची पावती घेतो. पावती नसेल तर बैल चोरीचा निघायचा आणि पैसे जायचे. हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण भंगारातून इंजिन घ्यायची वेळ आली, की हेच शहाणपण आपण घरी ठेवून जातो. आमच्या घरी असेच झाले. ती हकीकत आज सांगतो.

आमच्या पुतण्याकडे १९९७ सालची मारुती व्हॅन होती. या व्हॅनला ओम्नी असेही म्हणतात. वाडीत चारचाकी गाडी तेवढी एकच. रात्री-अपरात्री कुणी बाई अडली, कुणाला सर्प चावला, तर तालुक्याच्या दवाखान्यात तीच गाडी जायची. २०११ च्या उन्हाळ्यात घाटात तिची पाण्याची रबरी नळी फुटली. इंजिन गार ठेवणारे सारे पाणी वाहून गेले. गरमीचा काटा लाल खुणेवर चढला, तरी पुतण्याने गाडी तशीच दामटली. व्हायचे तेच झाले. पिस्टन आतल्या आत धरले गेले आणि इंजिन जाम झाले. चूक आमचीच होती.

मिस्त्री म्हणाले, “हे दुरुस्त करण्यापेक्षा अपघातात मोडलेल्या गाडीचे चांगले इंजिन मिळते का पाहा.” पुतण्या शहरातल्या भंगार बाजारात गेला. विकणारा म्हणाला, “कंपनी तीच, गाडी तीच, इंजिन तेच. डोळे मिटून घेऊन जा.” पुतण्याने खरोखरच डोळे मिटले. बारा हजार रुपये मोजले आणि इंजिन टेंपोत घालून घरी आणले.

मिस्त्रींनी ते पाहिले आणि कपाळाला हात लावला. इंजिन २००७ सालच्या गाडीचे होते.

साल बदलले म्हणजे काय बदलले?

दोन्ही इंजिने तीन सिलिंडरची. दोन्ही ७९६ घन सेंटिमीटरची. म्हणजे तिन्ही पिस्टन मिळून जेवढी जागा खालीवर फिरतात, ती पाऊण लिटरहून थोडी जास्त. इथपर्यंत विकणारा खोटे बोलला नव्हता. फरक होता तो पेट्रोल पाजण्याच्या रीतीत.

१९९७ च्या गाडीत कार्बोरेटर होता. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारे भांडे. इंजिन हवा ओढते, त्या ओढीबरोबर पेट्रोलही येते. त्याला फार दाब लागत नाही. पुढे धुराचे नियम कडक झाले. तेव्हा २००० सालाच्या सुमारास या गाड्यांत नवी रीत येऊ लागली. हिच्यात प्रत्येक सिलिंडरसाठी एक बारीक पिचकारी असते. तिला इंजेक्टर म्हणतात. किती पेट्रोल उडवायचे, केव्हा उडवायचे, हे एक लहान संगणक ठरवतो. इंजिन किती तापले, हवा किती आली, याची बातमी त्याला तारांवाटे मिळते. शिवाय पेट्रोल जोराच्या दाबाने यावे लागते. त्यासाठी टाकीत विजेचा पंप असतो.

आता पाहा. आमच्या गाडीत संगणक नव्हता. तशा तारा नव्हत्या. टाकीत पंप नव्हता. आणलेल्या इंजिनाच्या तारा तर भंगारवाल्याने मुळाशीच कापल्या होत्या. मिस्त्री म्हणाले, “दोन वाटा आहेत. त्या गाडीचा संगणक, तारा, पंप सगळे आणा, नाहीतर कार्बोरेटरच्या काळातले इंजिन आणा. पहिली वाट महागाची आहे.”

दुसरा एक फसवा प्रकारही मिस्त्रींनी सांगितला. मारुती ८०० या मोटारीचे इंजिनही ७९६ चेच. पण मोटारीत ते आडवे बसते आणि पुढची चाके फिरवते. व्हॅनमध्ये ते उभे बसते आणि मागची चाके फिरवते. त्यामुळे दोन्ही इंजिने सारखी दिसली, तरी एकाच्या जागी दुसरे सहज बसत नाही. म्हणून गाडीचे नाव, साल आणि पेट्रोलची रीत ही तिन्ही जुळली पाहिजेत.

वहिनींनी नंबर वाचला

ते इंजिन परत केले. विकणाऱ्याने दोन हजार कापून घेतले. आम्ही म्हटले, शिकण्याची फी गेली. या खेपेस मिस्त्रींना बरोबर घेतले. आमच्या वहिनीही आल्या. त्यांनी पंचावन्नाव्या वर्षी साक्षरतेच्या रात्रवर्गात बसून अक्षरे गिरवली होती. मराठी आकडे आणि इंग्रजी आकडे दोन्ही त्यांना येत.

१९९८ सालच्या व्हॅनचे इंजिन मिळाले. मिस्त्रींनी ते पान्याने हाताने फिरवून पाहिले. ते सुरळीत फिरले. तेल काढून पाहिले. तेल ताकासारखे पांढुरके असते, तर आत पाणी शिरले असे समजायचे. तसे नव्हते. मग प्लग काढून त्या भोकांत दाबाचे घड्याळ लावले. तिन्ही सिलिंडरांचा दाब जवळजवळ सारखा भरला. ही झाली बैलाची चाल.

मग बिल झाले. पुतण्या पैसे काढू लागला. तोच वहिनी म्हणाल्या, “भावोजी, थांबा. इंजिनावर तीन आहे, कागदावर आठ आहे.”

इंजिनाच्या लोखंडावर नंबर ठोकलेला असतो. त्यांनी पदराने तेल पुसून एकेक आकडा बोट ठेवून वाचला होता. इंग्रजी तीन आणि आठ दिसायला जवळचे. घाईत बिलावर चूक झाली होती. विकणाऱ्याने बिल दुरुस्त केले. मोडीत निघालेल्या गाडीच्या कागदांची नक्कलही दिली. तिच्यावरही तोच नंबर होता. आम्ही चाळीस वर्षे शाळा चालवली, पण तो नंबर ताडून पाहायचे आम्हांला सुचले नव्हते.

कागद का हवा?

गाडीच्या नोंदणी पुस्तकात, म्हणजे आर. सी. बुकात, इंजिनाचा नंबर लिहिलेला असतो. इंजिन बदलले की तो नंबर जुळत नाही. मग गाडी अडवली तर चोरीचा संशय येतो. अपघात झाला तर विम्याच्या पैशाला अडचण येते. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमात गाडीतील बदलांविषयी नियम आहेत. आधी आर. टी. ओ. कचेरीची परवानगी घ्यावी. बदल झाल्यावर १४ दिवसांच्या आत कळवून नवा नंबर पुस्तकात चढवून घ्यावा. विमा कंपनीलाही कळवावे. कचेरीतला अधिकारी नंबर लोखंडावरून वाचतो. बिलावरचा आठ तसाच राहिला असता, तर आमचे काम तिथेच अडले असते.

इंजिन बाहेर होते तेव्हाच मिस्त्रींनी टायमिंगचा पट्टा, तेलाची सिले आणि क्लच प्लेट नवी घातली. पाण्याच्या रबरी नळ्याही बदलल्या. हे सुटे भाग नंतर बदलायचे म्हणजे मजुरी दुसऱ्यांदा द्यायची. गाडी चालू झाली. महिन्याभरातच एका रात्री वाडीतली एक लेक त्याच गाडीतून दवाखान्यात वेळेवर पोचली आणि सुखरूप बाळंत झाली.

आता आणखी नव्या गाड्या आल्या आहेत. १ एप्रिल २०२० पासून धुराचे नियम फारच कडक झाले. नव्या इंजिनांत संगणक आणि तारा अधिक असतात. म्हणून सालाची चौकशी आता जास्तच केली पाहिजे.

ध्यानात ठेवा

१. “इंजिन तेच” या शब्दावर जाऊ नका. गाडीचे नाव, साल आणि पेट्रोलची रीत विचारा.
२. मिस्त्रीला बरोबर न्या. इंजिन फिरवून, तेल पाहून, दाब मोजून घ्या.
३. लोखंडावरचा नंबर स्वतः वाचा. बिलाशी आणि जुन्या गाडीच्या कागदांशी ताडून पाहा.
४. आर. टी. ओ. ची परवानगी आणि नोंद यांवाचून इंजिन बदलू नका.

अभ्यास

१. कार्बोरेटर आणि इंजेक्टर यांत काय फरक आहे?
२. पहिले इंजिन परत का करावे लागले?
३. तुमच्या घरी मोटारसायकल, ट्रॅक्टर किंवा गाडी असेल, तर तिचे नोंदणी पुस्तक काढा. त्यातला इंजिन नंबर वाचा. मग तो लोखंडावरच्या नंबराशी जुळतो का, ते स्वतः पाहा.