उंच केलेल्या जीपची थरथर

नांदेड-लातूरकडील काळ्या रानाच्या वाटांसाठी कित्येक बागाईतदार जुनी महिंद्र जीप पुढील पाट्यांचे शॅकल लांब करून उंच करवितात. मग सडकेवर वेग धरताच स्टिअरिंग थरथरते, व एखादे दिवशी गाडी हातची जाते. दोष टायरांस देऊन आम्हीही नवे टायर व्यर्थ घेतले.

प्रथम चाक जॅकवर उचलून माथ्याला व तळाला धरून हलवावे. ब्रेक दाबताच हालणे थांबले तर बेअरिंग ढिले, न थांबले तर किंगपिन झिजली, असे समजावे. चाक आडवे डुलल्यास टायरॉडचे सांधे पाहावेत.

सर्व घट्ट असूनही गाडी भरकटत असेल, तर दोष उंचीचा होय. पुढच्या टोकाचे शॅकल लांबल्याने आख पुढे कलतो, आणि चाकांची आपोआप सरळ होण्याची ओढ जाते. आख व पाटे यांमध्ये पाचर घालून किंगपिनचा माथा किंचित मागे घ्यावा. आमच्या मिस्त्रीने पाचर उलटी ठोकली होती; थरथर वाढली, तेव्हा उमगले.